पाचव्या दिवसाची भेट : गडचिरोलीतल्या ७६३ बाळांचं प्रकरण

गडचिरोली जिल्ह्यातली ३९ गावं, १९९५-९६ चं साल, आणि त्या एका वर्षात तिथे जन्मलेली ७६३ बाळं. हे सगळं प्रकरण एवढ्यावरच उभं आहे. ही बाळं कुठल्या हॉस्पिटलच्या रजिस्टरमधली नाहीत. त्यातली ९५ टक्के घरीच जन्मली होती, आणि जन्मल्यापासून २८ दिवस गावातलीच एक बाई त्यांच्या घरी जाऊन वजन करत होती, अंग गार आहे का गरम ते बघत होती, श्वास मोजत होती आणि सगळं लिहून ठेवत होती. तोपर्यंत नवजात बाळांच्या आजारांबद्दल आपल्याला जे माहीत होतं ते बहुतेक हॉस्पिटलमधून आलेलं, म्हणजे जी बाळं हॉस्पिटलपर्यंत पोचली त्यांच्यावरून. जी पोचलीच नाहीत ती कशाने आजारी पडतात, कितव्या दिवशी पडतात, हे कुणी बसून मोजलेलं नव्हतं.

मोजल्यावर जे निघालं ते मी डॉक्टर म्हणून आशाताईंच्या ट्रेनिंगमध्ये फळ्यावर लिहिते तेव्हा त्या पण गप्प होतात. ७६३ पैकी ५४.४ टक्के बाळांना कधी ना कधी डॉक्टरने बघावं अशी लक्षणं होती, म्हणजे चारशेच्या वर बाळं. प्रत्यक्षात डॉक्टरने बघितली २.६ टक्के, म्हणजे वीसेक. आणि हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाली ०.४ टक्के. तीन बाळं. ७६३ मधली तीन. त्या वर्षी त्या गावांत ४० बाळं महिन्याच्या आत गेली आणि त्या ४० मधली ३८ याच गरज असलेल्या गटातली होती, म्हणजे ज्यांना धोका होता ते आधी दिसत होतं, अचानक आभाळ कोसळलं असं नव्हतं. ४२ टक्के बाळं अडीच किलोच्या खाली जन्मलेली. मृत्यूंची कारणं एका नवजात तज्ज्ञाकडून ठरवून घेतली तेव्हा निम्म्याहून जास्त, ५२.५ टक्के, सेप्सिस (रक्तात पसरलेला संसर्ग) आणि न्यूमोनिया, म्हणजे जंतुसंसर्ग, २० टक्के जन्मताच गुदमरणं, आणि १५ टक्के फार अपुऱ्या दिवसांची बाळं.

हे काम सर्च या संस्थेचं, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत सुरू केलेली. दोघांनी त्याच्या आधी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून घेतलं होतं आणि परत येऊन अशा जिल्ह्यात बसले जो १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला होता, अर्धाअधिक जंगल, धानाची शेती, पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की गावं तुटायची. सुरुवातीला ऑफिस होतं ते तेंदूपत्त्याच्या गोदामात. पुरस्कार वगैरे सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर मी वेळ घालवत नाही.

पण हॉस्पिटलबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढे काम घरी नेण्याचा निर्णय का झाला ते त्याच्याशिवाय कळत नाही. आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत हे त्यांनी लोकांनाच विचारलं. लोकांनी सांगितलं की तुमच्याकडे डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालून फिरतात आणि आम्ही प्रेताला पांढरं गुंडाळतो, वर तुम्ही पेशंटला आत घेता आणि घरच्यांना बाहेर ठेवता, मग आमचा माणूस तिथे एकटा कसा राहील. म्हणून शोधग्राम या संस्थेच्या वसाहतीतला दवाखाना गोंडांच्या गावासारखा बांधला, झोपड्यांसारख्या खोल्या, घरचे सोबत राहू शकतील असा, आणि नाव पण लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी दवाखाना. मला हा भाग फार आवडतो कारण यात कुणी लोकांना अडाणी म्हणून सोडून दिलं नाही, त्यांचं म्हणणं खरं धरून इमारतीचा नकाशा बदलला. आणि तरीसुद्धा, एवढं सगळं करून सुद्धा, नवजात बाळ त्या दवाखान्यात येत नव्हतं. बाळंतीण घराबाहेर पडायची नाही, बाळ अंधाऱ्या खोलीत, बाहेरची हवा लागू द्यायची नाही, आणि रोवणीच्या दिवसांत तर घरात न्यायला माणूसच नसायचा. मोठी माणसं येतात पण लेकरू येत नाही, म्हटल्यावर मग एकच रस्ता उरतो.

अजून एक गोष्ट आधी घडून गेली होती, न्यूमोनियाची. १९८८ पासून त्यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि अगदी दायांना सुद्धा लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्सॅझोल या साध्या अँटिबायोटिकने उपचार करायला शिकवलं होतं. गडचिरोलीकडे न्यूमोनियाला लोकांचे स्वतःचे शब्द होते, ‘डब्बा’, ‘लहाक’, आणि त्या शब्दांवरूनच शिकवलं. पण आता दाई, जिला साठपर्यंत मोजता येत नाही, ती मिनिटाला किती श्वास हे कसं सांगणार? तर त्यासाठी एक साधन बनवलं, ते मी एकदा हातात घेऊन बघितलंय आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. एका बाजूला वाळूचं घड्याळ, बरोबर एक मिनिटाचं. बाजूला मण्यांच्या दोन ओळी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी एका ओळीत पाच हिरवे मणी आणि मग लाल, मोठ्या मुलासाठी दुसऱ्या ओळीत चार हिरवे आणि मग लाल. वाळू उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत तर सगळ्यांनाच मोजता येतं. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया. बस. साठ आणि पन्नास या आकड्यांचं सगळं विज्ञान त्या एका लाल मण्यात बसवलंय, आणि ज्या बाईला आपण ‘हिला काय कळणार’ म्हणून बाजूला बसवतो तिच्या हातात दिलंय. न्यूमोनिया झालेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण तिथे ०.८ टक्क्यांवर आलं, जिथे हे काम नव्हतं तिथे ते १३.५ टक्के होतं. १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते.

आता न्यूमोनिया कमी झाला की बालमृत्यू खाली येतात, आले, पण मग जे उरतात ते कुठले? बहुतेक पहिल्या महिन्यातले. म्हणजे एक दरवाजा बंद केला की दुसरा उघडा दिसायला लागला. त्यातून नवजात बाळांचं काम सुरू झालं.

रचना अशी होती. १९९३ ते ९५ नुसती जन्म-मृत्यूची पक्की नोंद, ३९ गावं कामाची आणि ४७ गावं तुलनेची, दोन्हीकडे लोकसंख्या साधारण चाळीस हजार. नवजात मृत्युदर तेव्हा दोन्हीकडे सारखाच, हजारी ६२ आणि ५८. तुलनेच्या गावांत जे नेहमीचं सरकारी काम चालू होतं ते तसंच चालू. कामाच्या गावांत प्रत्येक ठिकाणी एक आरोग्यदूत निवडली, त्याच गावची, पाचवी ते दहावी शिकलेली. पहिल्या वर्षी मुख्य काम बघायचं आणि लिहायचं, वर सांगितलेले ७६३ त्याच वर्षातले. दुसऱ्या वर्षापासून सेप्सिसचा उपचार आला, तिसऱ्या वर्षी आयांना आणि आज्यांना शिकवणं वाढवलं. एक गोष्ट मान्य करायला हवी की गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, सलग भाग होता एका बाजूला कामाचा आणि एका बाजूला तुलनेचा, आणि यावर लोकांनी बोट ठेवलंय, ते रास्तच आहे. पण सुरुवातीचे दर जवळजवळ सारखे आणि नंतरचा फरक इतका मोठा आहे की मला तरी तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

आरोग्यदूत दाईबरोबर बाळंतपणाला हजर राहायची. दाईला काढलं नाही, ही पण मोठी गोष्ट, दाई आईकडे बघायची आणि आरोग्यदूत बाळाकडे, कारण बाळ बाहेर आल्यावर आपण सगळेच नाळ आणि वार यात अडकतो आणि लेकरू बाजूला गार पडलेलं असतं, हे मी हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये सुद्धा बघितलंय. बाळ रडलं नाही तर श्वास द्यायचा, आधी तोंडाने, मग ट्यूब आणि मास्कने, १९९९ पासून बॅग आणि मास्कने. गुदमरून होणारे मृत्यू त्यांच्याकडे पुढे ६५ टक्के कमी झाले. बाळ पुसायचं, गुंडाळायचं, लगेच आंघोळ घालायची नाही, कमी वजनाच्या बाळाला टोपी असलेल्या झोपायच्या पिशवीत ठेवायचं, लगेच अंगावर पाजायचं. हे शेवटचं लिहायला सोपं, पण तिथे पहिले काही दिवस आईचं दूध द्यायचं नाही अशी रीत होती, आणि बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून आईनेच गरोदरपणी कमी खायचं असंही होतं. तेव्हा प्रत्येक घरी आजीशी बोलावं लागायचं. सूनबाईशी बोलून काही होत नाही, निर्णय तिच्या हातात कुठे असतो.

आणि भेटी. पहिला दिवस, दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा, पंधरावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, आणि मधे कधीही बोलावलं तर. हे दिवस लक्षात ठेवा, मला पुढे त्यावरच बोलायचंय.

आता इंजेक्शन. सगळ्यात जास्त भांडण यावरच झालं. आरोग्यदूताला जंतुसंसर्ग ओळखता आला तर आधी हॉस्पिटलमध्ये न्या असं सांगायचं, आईबाप नाहीच म्हणाले तर त्यांची लेखी संमती घेऊन घरीच जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्सॅझोल. आठवी शिकलेली बाई दीड-दोन किलोच्या बाळाला इंजेक्शन देणार, हे ऐकल्यावर डॉक्टर मंडळींनी कपाळाला हात लावला, आणि मी खोटं कशाला बोलू, विद्यार्थी असताना वाचलं तेव्हा मीसुद्धा लावला होता. जेंटामायसिन जास्त गेलं तर किडनीला आणि कानाला त्रास होतो हे आम्हाला घोकून घोकून शिकवलेलं. पण समोरचा पर्याय काय होता ते बघा ना. समोर एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, आणि आरोग्यदूत असे दोन पर्याय नव्हतेच. एक तर आरोग्यदूत, नाहीतर अंधाऱ्या खोलीत काहीच नाही. ७६३ मधली तीन.

उपचार सुरू होण्याआधी सेप्सिसची १६३ बाळं नोंदली होती, त्यातली १६.६ टक्के गेली. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ बाळांमध्ये हे प्रमाण २.८ टक्के झालं, म्हणजे दोन बाळं. तिसऱ्या वर्षी कामाच्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी २५.५ आणि तुलनेच्या गावांत ५९.६. सगळा हिशेब करून निव्वळ घट ६२ टक्के. एका बाळामागे खर्च ५.३ डॉलर, आणि तिसऱ्या वर्षी साधारण १८ बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता. डिसेंबर १९९९ मध्ये हे लॅन्सेटला छापून आलं आणि मग जगभर गेलं, २००९ मध्ये डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने मिळून नवजात बाळाच्या घरी भेटी द्याव्यात असं सांगितलं, आपल्याकडे २०११ पासून ते आशाताईंच्या कामात देशभर आलं.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. इंजेक्शनने ६२ टक्के मृत्यू कमी झाले, असं सुटसुटीत वाक्य करून लोक सांगतात. पण हे वाक्य चुकीचं आहे, आणि माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं.

२००५ मध्ये त्यांनीच त्या घटीचा हिशेब मांडला, कशामुळे किती. सेप्सिसच्या उपचारामुळे ३६ टक्के. कमी वजनाच्या बाळांच्या नुसत्या काळजीमुळे, म्हणजे ऊब, दूध, वारंवार भेट, यामुळे ३४ टक्के. गुदमरलेल्या बाळाला श्वास देण्यामुळे १९ टक्के, आजार होऊच नये म्हणून जे केलं त्यामुळे ७ टक्के, आणि थोडं इतर. म्हणजे ज्याच्यावरून एवढी भांडणं झाली ते इंजेक्शन आणि ज्याच्याकडे कुणी बघितलंच नाही ती पिशवी-टोपी-वाटीचमचा-भेट, दोन्ही जवळजवळ बरोबरीत. कमी वजनाच्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण ११.३ टक्क्यांवरून ४.७ टक्क्यांवर आलं, दिवस न भरलेल्या बाळांमधलं ३३.३ वरून १०.२ वर. तीनात एक जायचं, ते दहात एकावर आलं, आणि घरीच. इनक्युबेटर नाही, काही नाही.

आणि इंजेक्शनचे जे ३६ टक्के आहेत ना, तेसुद्धा नुसत्या इंजेक्शनचे नाहीत. आरोग्यदूत सेप्सिस ओळखायची कशी ते बघा. रक्त तपासायची सोय नाही, काही नाही. लक्षणं होती ती अशी, की आधी चांगलं रडणारं बाळ आता बारीक रडतंय किंवा रडतच नाही, आधी नीट ओढणारं बाळ आता कमी ओढतंय, हातपाय लुळे पडलेत, छाती आत ओढली जातेय, श्वास साठच्या वर, अंग गार किंवा ताप, पोट फुगलंय किंवा उलट्या, बेंबीत पू. यातली दोन एकाच वेळी असली की सेप्सिस धरायचं. आता यातल्या पहिल्या दोन ओळी परत वाचा. ‘आधी चांगलं होतं, आता नाही.’ हे ‘आधी’ कुणाला माहीत असणार? जी परवा येऊन गेली तिलाच. मी मोठी तज्ज्ञ असले आणि आज पहिल्यांदाच बाळ बघत असले तर मला नाही कळणार की याचा आवाज कालपेक्षा बारीक आहे. म्हणजे निदानाचं खरं साधन थर्मामीटर नव्हतं, तीच बाई त्याच बाळाकडे दोन दिवसांनी परत आली हे होतं. वर दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर गावात यायचा, उपचार करायला नाही, तिच्या नोंदी तपासायला आणि चुकलं तर शिकवायला. हा पंधरा दिवसांचा डॉक्टर पण लोक सांगताना विसरतात.

आता देशभर हे नेलं तेव्हा काय झालं. आशाताईंना इंजेक्शन दिलं नाही, ते समजण्यासारखं आहे, लाखोंच्या संख्येने एवढं बारीक शिक्षण आणि देखरेख जमेल का हा खरा प्रश्न होता. २०१४ मध्ये केंद्राने एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सला, खास परिस्थितीत, म्हणजे रेफर करणं शक्यच नाही किंवा घरचे नाहीच म्हणतात तेव्हा, जेंटामायसिन द्यायची परवानगी दिली. ठीक. पण भेटींचे दिवस बदलले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशाच्या सहा भेटी, तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. घरी जन्मलं तर पहिल्या दिवसाची एक जास्त. पहिले दोन दिवस बाळ दवाखान्यात असतं म्हणून ते गेले, हे बरोबर. शेवटी बेचाळिसावा आईसाठी पण आला, तेही चांगलं. पण तीन आणि सातच्या मधला पाचवा दिवस गेला.

मला हे कसं लक्षात आलं ते सांगते. मी काही वर्षं विदर्भातल्याच एका पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, मेडिकल ऑफिसर होते, गावाचं नाव सांगत नाही. एका बाईची डिलिव्हरी मोठ्या सरकारी दवाखान्यात झाली, बाळ एक किलो नऊशे, रडलं, दूध ओढायला लागलं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. आमची आशाताई त्याच दिवशी संध्याकाळी जाऊन आली, वजन केलं, टेम्परेचर बघितलं, आईला पाजायला बसवून बघितलं, सगळं ठीक, फॉर्म भरला. पाचव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं झालं. आजी म्हणाली झोपलंय, झोपू दे, झोपतं लेकरू म्हणजे वाढतं. सहाव्या दिवशी पण झोपलेलंच. सातव्या दिवशी सकाळी आशाताई ठरल्याप्रमाणे गेली तर बाळ गार, हातपाय लुळे, श्वास मोजायला लागली तर मधेच थांबतोय. तिने १०८ लावली, मला फोन केला, आम्ही एसएनसीयूला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, पाठवलं, तिथे त्यांनी खूप प्रयत्न केले, नवव्या दिवशी बाळ गेलं.

नंतर बालमृत्यूची चौकशी झाली, तो फॉर्म मीच भरला. संस्थेत प्रसूती, हो. जन्मवजन नोंद, हो. आशाच्या भेटी वेळापत्रकाप्रमाणे, हो. रेफर केलं, हो. गाडी मिळाली, हो. सगळे ‘हो’. मीटिंगमध्ये फाइल दोन मिनिटांत पुढे सरकली, कुणाची चूकच नव्हती. आशाताई बाहेर बाकावर बसून रडत होती, मॅडम मी बाळाच्या पाचव्या दिवशी त्याच गल्लीत गेले होते, दुसऱ्या घरी, माझी भेट नव्हती म्हणून आत गेले नाही. हे ऐकून मी घरी आले आणि गडचिरोलीचा मूळ पेपर परत काढला, इतक्या वर्षांनी, आणि त्यात तो दिवस दिसला. पाच. मी कित्येक वेळा ती यादी वाचली असेन पण तो आकडा माझ्या डोळ्यांत कधी भरलाच नव्हता.

मला असं म्हणायचं नाही की पाचव्या दिवशी गेली असती तर बाळ वाचलंच असतं. एक किलो नऊशे, संसर्ग, नक्की कुणी सांगू शकत नाही. पण गडचिरोलीत पहिल्या आठवड्यात पाच भेटी होत्या आणि आपल्याकडे दोन आहेत, आणि सेप्सिस काही आपल्या वेळापत्रकाची वाट बघत थांबत नाही. कमी वजनाच्या बाळाकडे जास्तीच्या भेटी द्या हे आशांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात, मीच शिकवलंय, पण पैशाच्या हिशेबात धरतात त्या सहाच. सगळ्या भेटी मिळून २५० रुपये, आणि ते सुद्धा २०११ च्या सूचनांप्रमाणे शेवटी, बेचाळिसाव्या दिवसानंतर, वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी झाली असेल आणि आई-बाळ दोघंही सुखरूप असतील तर. ही शेवटची अट मला कधीच पटली नाही. जे बाळ गेलं त्याच्या घरी ती जास्त वेळा गेलेली असते, जास्त रात्री जागलेली असते.

आता कुणी म्हणेल की काळ बदलला, आता घरी कोण बाळंत होतं. खरं आहे. महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीत हजारी ११ होता, देशाचा २०, आणि २०३० पर्यंत सगळ्या देशांनी १२ किंवा त्याखाली यायचं असं ठरलंय, म्हणजे राज्य म्हणून आपण तिथे पोचलो सुद्धा. एसएनसीयू झाले, १०८ आली, बाळंतपण आणि आजारी नवजात दोघांचा खर्च सरकार करतं. गडचिरोलीच्या त्या ३९ गावांसारखं जग आता फार थोड्या ठिकाणी उरलंय. पण बाळ दवाखान्यात जन्मलं तरी तिथे राहतं किती दिवस? दोन, तीन. सिझर झालं तर थोडे जास्त. अठ्ठावीस दिवसांतले पंचवीस ते घरीच असतं, त्याच आजीजवळ. आणि ११ हा आकडा सरासरीचा आहे, मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या डोंगरातल्या बाळाला सरासरी लागू पडत नाही. आता उरलेले मृत्यू कमी करायचे तर बहुतेक सगळे नवीन मशीन मागतात, आणि मशीन हवेतच, मी स्वतः मागितलेत. पण सर्चने हेच काम महाराष्ट्रात सात ठिकाणी दुसऱ्या संस्थांच्या हातून करून बघितलं, खेड्यांत आणि शहरी वस्त्यांतही, तिथेही नवजात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, तेव्हा हे फक्त बंग पती-पत्नी होते म्हणून जमलं, असं म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

आमच्या पीएचसीला आम्ही मग एवढंच केलं, जे आमच्या हातात होतं. दोन किलोच्या आसपास किंवा खाली जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं नाव माझ्या टेबलामागच्या भिंतीवर मोठ्या कागदावर लिहायचं, पुढे जन्माची तारीख आणि तिच्यापुढे लाल पेनाने पाचव्या दिवसाची तारीख. त्या दिवशी सकाळी गटप्रवर्तक, म्हणजे आशांवर देखरेख करणारी ताई, आशाला फोन करायची आणि आशाने जाऊन तीनच गोष्टी बघून सांगायच्या, दूध परवासारखं ओढतंय का, आवाज परवासारखा आहे का, हातपाय हलवतंय का. फॉर्म नाही, ॲप नाही. पहिल्या महिन्यात निम्म्या वेळा फोन विसरला जायचा, एकदा तर कागदच कुणीतरी फाडून चहाच्या ट्रेखाली घातला, मग परत लिहिला.

काही महिन्यांनी ऐन पावसाळ्यात, रोवणी चालू असताना, तीच आशाताई, जी बाकावर बसून रडली होती, तिचा दुपारी फोन आला. मॅडम, दीड किलोवालीचा आज पाचवा दिवस, दूध ओढतेय म्हणतात पण परवा माझ्यासमोर दहा मिनिटं ओढली होती, आज दोन मिनिटांत सोडून देतेय, आणि आवाज मांजराच्या पिलासारखा झालाय. श्वास? मोजले दोनदा, चौसष्ट आणि सहासष्ट. आजी नको म्हणत होती, बाप शेतात होता, आशाताईने बाळाला आईच्या छातीशी लुगड्यात बांधलं आणि गाडी येईपर्यंत दारातून हलली नाही, मग स्वतःच त्यांच्याबरोबर गेली. मुलगी एसएनसीयूमध्ये बारा दिवस राहिली आणि घरी आली. आली तेव्हा वजन एक किलो सहाशे ऐंशी, आशाताईने मला काट्याचा फोटो पाठवला होता. महिन्याच्या शेवटी तिने तिचा हिशेबाचा कागद माझ्याकडे आणला, त्या दिवसाच्या भेटीपुढे काय लिहू म्हणून विचारायला, आणि आम्ही दोघींनी तो उलटसुलट करून बघितला, त्यावर तीनच्या पुढे सरळ सात होता.